खिडकीतला एकच दिवा

अंधारी रात्र, मागे कड्यावरची हवेली, तिच्या एकाच खिडकीत दिवा आणि पुढे झग्याचा घोळ सावरत पळणारी तरुणी. १९६०च्या दशकात अमेरिकेत स्वस्त कादंबऱ्यांवर हेच चित्र पुन्हापुन्हा छापलं जाई. आत काय मिळणार ते वाचकाला मुखपृष्ठावरच कळे, आणि त्याला तेच हवं असे.

या लाटेला जोर आणला १९६०मध्ये आलेल्या ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’नं. लेखिका व्हिक्टोरिया होल्ट. नाव नवखं, म्हणून ‘रिबेका’वाली डॅफ्नी द्यू मॉरिएच टोपणनावानं लिहीत असावी, असा अनेकांचा कयास होता. प्रत्यक्षात त्या होत्या लंडनच्या एलिनॉर हिबर्ट. जीन प्लेडी या नावानं त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आधीपासूनच खपत होत्या!

गोष्ट अशी. मार्था ली ही गरीब, तल्लख तरुणी गव्हर्नेस म्हणून कॉर्नवॉलमधल्या एका बड्या घरी येते. घरधनी विधुर, रुबाबदार, तुटक बोलणारा. पहिल्या बायकोच्या मृत्यूबद्दल घरात दबक्या आवाजातच कुजबुज. ‘जेन एअर’ आणि ‘रिबेका’ वाचलेल्यांना हे घर ओळखीचंच वाटेल. उसनवारी उघड आहे, पण हात सराईत आहे.

खरी गंमत संशयात आहे. सगळं नायिकेच्याच तोंडून कळतं, त्यामुळे तिला न दिसलेलं आपल्यालाही दिसत नाही. ‘कड्याकडे एकटी जाऊ नकोस’ असं घरधनी म्हणाला, तर ती काळजी की धमकी? ‘खुनी कोण’ आणि ‘हा माणूस लग्नाजोगा आहे का’ हे इथे एकाच प्रश्नाचे दोन भाग होतात. १९७३मध्ये जोआना रस या लेखिकेनं या प्रकारावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकाचा आशयच असा: कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय, आणि तो माझा नवराच असावा. परक्या घरात पाऊल ठेवून प्रत्येकाचा चेहरा वाचत राहणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या नव्या सुनेला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच हा ऐवज इथेही रुजला. ‘रिबेका’वर बेतलेल्या ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटात (१९६४) वहिदा रेहमानला धाक घालणारी दाई आपल्या ललिता पवारांनी उभी केली.

हिबर्टबाई १९९३मध्ये समुद्रप्रवासात वारल्या, तोवर वेगवेगळ्या नावांनी सुमारे दोनशे पुस्तकं लिहून झाली होती. सुरुवात ‘मेलिन’नंच करा. शेवटचं पान आधी उघडलंत तरी हरकत नाही, लग्न होणार हे ठाऊकच असतं. फक्त त्याच्या आधीच्या प्रकरणात डोकावू नका.