डायलिसिसचा रुग्ण विसरू लागला तर

‘डॉक्टर, यांची किडनी गेली हे समजलं, पण हल्ली हे विसरायला का लागले?’ डायलिसिसच्या रुग्णांचे नातेवाईक मला हा प्रश्न वारंवार विचारतात. अलीकडे जोडीला दुसराही प्रश्न असतो : ‘अल्झायमरची रक्ततपासणी निघाली आहे म्हणे. करून घ्यायची का?’

आधी पहिल्या प्रश्नाकडे वळू. हे विसरणे केवळ वयाचे नसते. अमेरिकेतील मिनेसोटात डायलिसिसवरील ५५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ३३८ रुग्णांची स्मरणशक्ती, एकाग्रता व निर्णयशक्ती तपासण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरांत ३७ जणांत तीव्र, तर ३६ जणांत मध्यम स्वरूपाचा दोष आढळला. केसपेपरवर मात्र तशी नोंद शंभरांत जेमतेम तिघांची होती!

मधुमेह व उच्च रक्तदाब मूत्रपिंडाप्रमाणेच मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्याही खराब करतात. त्यात रक्तक्षय आणि डायलिसिस चालू असताना एकदम खाली जाणारा रक्तदाब यांची भर पडते. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील व औषधांतील अॅल्युमिनियम मेंदूत साचून वेड लागल्यासारखी अवस्था होई. पाणी शुद्ध करून वापरले जाऊ लागल्यापासून हा विकार दुर्मिळ झाला आहे.

आता रक्ततपासणीविषयी. अल्झायमरमध्ये ‘पी-टाऊ २१७’ या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण वाढते. हे प्रथिन व अॅमिलॉइड यांचे गुणोत्तर मोजणाऱ्या एका तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५मध्ये मान्यता दिली. परंतु मूत्रपिंड निकामी झाले की ही प्रथिने रक्तात साठतात. म्हणजे अल्झायमर नसतानाही पी-टाऊचा आकडा चढा येऊ शकतो. मज्जातंतूंची झीज दाखवणाऱ्या ‘एनएफएल’ या प्रथिनाचेही तेच. तेव्हा डायलिसिसच्या रुग्णावर केवळ अशा आकड्यावरून अल्झायमरचा शिक्का मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, कॅल्शियम, थायरॉईड व बी-१२ या साध्या तपासण्या आधी कराव्यात. यांतील दोष बहुधा दुरुस्त करता येतो. सर्व गोळ्याही डॉक्टरांना दाखवाव्यात. पायांच्या जळजळीसाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन, प्रीगाबालिन यांसारख्या औषधांची मात्रा कमी केली नाही, तर ती शरीरात साठून रुग्ण गुंगीत जातो, बरळतो. स्मरणशक्तीची चाचणी डायलिसिस चालू असताना करू नये; दुसऱ्या दिवशी करावी.

घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. विसरणारा रुग्ण तीच गोळी दोनदा घेतो, पाण्याचे माप चुकवतो, वर्ज्य असलेले शहाळे पिऊन बसतो. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडण्याचा धोका यात आहे. त्याला ‘ऐकतच नाही’ म्हणून रागावण्यात अर्थ नाही. गोळ्या वारानुसार डबीत भरून द्याव्यात, दिवसाचे पाणी एकाच बाटलीत मोजून ठेवावे, वजनाची व पथ्याची वही घरातील एकाने सांभाळावी.

गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, ताप आला किंवा डोक्याला मार लागला, तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नये. डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवण्यासाठी हेपॅरिन देतात. अशा रुग्णाला किरकोळ पडण्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.