बसलेली सीट

बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीला गाडी निजामाच्या काळापासून होती. बाकी बहुतेक जिल्हा एसटी, काळीपिवळी, कमांडर, ट्रॅक्स आणि सुमोवरच हिंडला. सोलापूर-धुळे हमरस्ता, धारूरचा घाट, आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांमागे धावणारी मुकादमाची जीप. माणसं एवढी बसली की सीटही बसणारच! म्हणून गॅरेजच्या ओळीत कुशनवाला हवाच: दारात रेक्झिनच्या गुंडाळ्या, आत जाड शिलाईची मशीन आणि उंबऱ्याशी उताणी पडलेली एखादी ड्रायव्हर सीट.

गिऱ्हाईक येतं ते "वरून एक थर टाका" म्हणत. जाणता कुशनवाला आधी बोल्ट काढून सीट उलटी करतो, कारण दुखणं बहुधा खाली असतं. सांगाड्यात नागमोडी स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. त्यातल्या एकीचा आकडा निसटला की बसणाऱ्याची कंबर एका अंगाला कलते, आणि पाठदुखीचं खापर फुटतं रस्त्यावर. (रस्ते निर्दोष आहेत असं नव्हे.) स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये गोणपाट किंवा जाड नमदा लागतो. तो फाटला की तार फोम कापू लागते आणि पिवळा भुगा पायाशी सांडतो. अशा सीटवर महागडी जेल गादी टाकणं म्हणजे पैसे घालवून उंची वाढवणं. डोकं छताजवळ जातं, दुखणं जागच्या जागी राहतं.

फोमची खरेदी हा खरा परीक्षेचा भाग. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. मऊपणा ही त्याहून निराळी गोष्ट. दुकानात अंगठ्यानं दाबून मऊ तुकडा पसंत केला जातो, पण सगळं अंग पडल्यावर तो तळाला टेकतो. शिवाय बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकाव्यांना सर्वांत जास्त साथ देतं, त्यामुळे नुसती उसळणारी सीट घाटात जीव दमवते. म्हणून खाली कडक, तुकडे दाबून केलेला फोम आणि वर पातळ मऊ थर. चिकटवायचं ते कडेनं. बुडाखाली सोल्युशन वाळलं की पापडासारखं टोचतं.

ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड आधी मरते, कारण प्रत्येक वेळी उतरताना तिच्यावरून घसरावं लागतं. ती उभी केली की वळणावर अंग सावरतं. पुढची कड मात्र बेतानं भरावी. फार उचलली तर गुडघ्यामागे दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात. त्यासाठी कव्हर शिवण्याआधी मालकाला बसवून क्लच दाबायला लावतात. ही पाच मिनिटं जो देत नाही, त्याच्या हाती सीट देऊ नये.

कव्हरचं म्हणाल तर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तिथे अखंड रेक्झिन पाठीला घामानं चिकटतं आणि उन्हानं ताठरून शिवणीशी फाटतं. मध्ये कापड, कडेला रेक्झिन हे बरं.

नव्या गाड्यांत सीटच्याच कुशीत एअरबॅग असू शकते. तिच्यावर साधी पक्की शिवण घातली, तर ऐन वेळी फुगा अडकेल. तेवढी बाजू उघडी सोडणारा, किंवा "हे माझ्याकडचं काम नाही" म्हणणारा कुशनवाला भेटला, तर जुनी जीपही त्याच्याकडेच न्यावी.