वाळलेल्या पानांचे दप्तर

इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागदांचे रुमाल आपल्या डोळ्यांपुढे येतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल कागदावाचून इतिहास लिहू नये, ही शिस्त पुढे मराठी अभ्यासकांच्या अंगी मुरत गेली. पण माणसांचा इतिहास कागदावर असतो. जंगलाचा कशावर असतो?

आपले नागझिराच घ्या. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. या तारखा सरकारी दप्तरात सापडतात. वाघ-बिबट्यांची मोजदादही होते. परंतु ऐन, धावडा, तेंदू, मोह यांच्या मुळांना शंभर वर्षांपूर्वी मातीतून किती अन्न मिळत होते, याची नोंद कोणत्याही पटवाऱ्याने ठेवलेली नाही. ती नोंद झाडाच्या पानातच असते. मात्र ते पान कोणीतरी त्या काळी तोडून, वाळवून, तारीख घालून जपलेले असावे लागते.

असे जपण्याच्या जागेला हर्बेरियम म्हणतात. फुलापानांसह तोडलेली डहाळी कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर बसवतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव, स्थळ, दिनांक व गोळा करणाऱ्याचे नाव असते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० साली स्थापन झाली. तिच्या पुणे येथील पश्चिम विभागात आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे कागद कपाटांतून रचून ठेवलेले आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे. हे सारे जमवले गेले ते वनस्पती ओळखण्यासाठी. त्यांतून मातीचा इतिहास वाचता येईल, हे जमवणाऱ्यांच्या मनातही नसावे.

हा इतिहास मुख्यतः नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा आहे. हवेत ७८ टक्के नत्र असूनही झाडाला तो हवेतून थेट घेता येत नाही. तो मातीतून, विरघळलेल्या रूपात मिळावा लागतो. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी का टाकतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. तिच्या मुळांच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात. पुढे फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला, १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला आणि त्यातूनच आजचा युरिया आला. युरियात ४६ टक्के नत्र असतो. त्यातला काही भाग बांधीतून अमोनिया होऊन उडतो व पावसाबरोबर दुसरीकडे उतरतो. कोळसा आणि पेट्रोल जाळल्यानेही नत्राची संयुगे हवेत जातात. उलट उन्हाळ्यात रानाला वणवा लागला, की पाल्यातला नत्र धुरावाटे निघून जातो.

मग जुन्या पानावरून काय कळते? पहिली गोष्ट म्हणजे पानात एकूण नत्र किती, ते मोजता येते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. नत्राचे अणू दोन प्रकारचे असतात, हलके आणि जड. दर हजारात सुमारे ९९६ हलके व चार जड. धान उफणताना फोल वाऱ्याने पुढे जातो आणि दाणा पायाशी पडतो, तसेच काहीसे मातीत घडते. मातीत नत्र मुबलक असला म्हणजे जिवाणू तो भराभर बदलतात आणि त्यातला बराचसा पाण्याबरोबर किंवा वायुरूपाने निसटतो. निसटताना हलका अणू आधी जातो, जड मागे राहतो व मुळांना मिळतो. टंचाई असली तर सगळेच अणू झाडे व जिवाणू धरून ठेवतात, उफणणी होत नाही आणि पान हलके राहते. हा फरक दर हजारी एकदोन एवढाच असतो. पण मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र पानाच्या काही मिलिग्रॅम भुकटीवरून तो दाखवते.

या रीतीने झालेल्या दोन अभ्यासांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या गवताळ प्रदेशातले १८७६ ते २००८ या काळातील २४ जातींचे ५४५ नमुने तपासले, तेव्हा विसाव्या शतकात पानांतील नत्र घटल्याचे दिसले. हवेतून पडणारा नत्र वाढूनही ही घट झाली होती. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने झाडे अधिक वाढतात व तेवढ्याच नत्रात अधिक पाने पोसावी लागतात, असे कारण सांगितले जाते. याउलट पनामातील बारो कोलोराडो बेटावरच्या जंगलात सुमारे ४० वर्षांपूर्वीच्या पानांशी २००७ सालची पाने ताडून पाहिली, तेव्हा नत्र आणि जड अणूंचे प्रमाण, दोन्ही वाढलेले आढळले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पनामाचे उत्तर नागझिऱ्याला लावता येणार नाही, कॅन्ससचेही नाही. नागझिऱ्याच्या भोवती धानाच्या बांध्या आहेत, उत्तरेला तिरोड्याचे औष्णिक वीजकेंद्र आहे, उन्हाळ्यात वणव्याची भीती आहे. येथे कोणते पारडे जड, हे येथलीच पाने सांगतील. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पानातला नत्र म्हणजे पानातली प्रथिने. ती घटली तर चितळाने व गव्याने पोटभर खाऊनही त्यांचे पोषण कमी होईल, आणि चितळावर वाघ जगतो.

मात्र हे दप्तर वाचताना सावधगिरी हवी. माझी आई तेंदूपाने तोडायला जाते. कोवळे पान कोणते आणि जून कोणते हे तिची बोटेच सांगतात. कोवळ्या पानात नत्र जास्त, जून पानात कमी. म्हणून त्याच जातीची, त्याच महिन्यातली पानेच एकमेकांशी ताडावी लागतात. शेंगांच्या कुळातील झाडे वेगळी धरावी लागतात, कारण त्यांतील अनेकांना हवेतला नत्र मिळतो. कागदाला पान चिकटवताना हाडांचा सरस वापरला असेल तर त्यातही नत्र असतो. तो भाग टाळावा लागतो. बुरशीचेही तसेच. मुळांशी सोबत करणाऱ्या बुरशीत जड अणू अधिक साठतात, तर कुजक्या लाकडावरच्या बुरशीत कमी. पावसाळ्यात आपण आवडीने खातो ते टेकोडे तर वाळवीच्या वारुळावरचे. तीन घरची तीन माणसे एका रांगेत उभी करून चालणार नाही.

येथे कला शाखेच्या विद्यार्थ्याला काय काम, असे कोणी विचारील. काम आहे ते चिठ्ठीचे. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला. त्यापूर्वीच्या चिठ्ठीवर 'भंडारा' असणार. १९५६ पूर्वीच्या चिठ्ठीवर 'मध्य प्रदेश' आणि त्याहीआधी 'मध्य प्रांत'. जुन्या इंग्रजी अक्षरांतले गावाचे नाव कोणत्या रिठी गावाचे, हे यंत्र सांगणार नाही. ते इतिहास-भूगोल शिकणाऱ्यालाच शोधावे लागेल.

शिवाय पुढच्या पन्नास वर्षांसाठी आजचे पान कोणी ठेवायचे? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीवाचून पानही आणता येत नाही, आणि आणूही नये. पण आपल्या बांधावर मोह, तेंदू, ऐन आहेतच. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडाची एकेक डहाळी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी, कागदावर दोऱ्याने टाचावी आणि गाव, बांध, दिनांक, नाव पक्क्या शाईने लिहावे. याला प्रयोगशाळा लागत नाही, खर्चही फारसा नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. घरात जुना कागद म्हणजे सातबारा तेवढा. कॉलेजच्या ग्रंथालयातले एखादे कपाट या कामी मिळाले, तर पहिल्या दहा डहाळ्या आणून देण्याची जबाबदारी मी घेते.