मुंबई ते लंडन: अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो?

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, येताना मात्र नऊच्या आसपास. अंतर तेच, मग हा फरक कशामुळे?

कारण आहे वारा. जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर अधिक.

आता गणित करून पाहा. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर ८ तासांत पोहोचायला हवे. पण तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे-उतरणे हेही धरलेले असते. शिवाय मार्ग सरळ नसतो. पृथ्वीगोलावर मुंबई-लंडन दोरा ताणला तर तो इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक, क्रिमिया असा जातो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननेही एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. मुंबईहून निघालेले विमान निदान अरबी समुद्रावरून वळसा घेऊ शकते; दिल्लीकरांना हा फेरा जास्त जाचतो.

तिकीट वाचताना खरी गफलत होते ती घड्याळाची. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून पहाटे २ वाजता निघाले आणि लंडनला सकाळी ६.३० ला उतरले. तिकिटावर साडेचार तास दिसतात, प्रवास मात्र दहा तासांचा! दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात.

मुलाकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-बाबांच्या बाबतीत हा हिशेब चुकून चालत नाही. ‘सकाळी साडेसहाला उतरल्यावर गोळी घेऊ’ असे ठरवले, तर भारतीय वेळेनुसार दुपारचे बारा वाजलेले असतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डोसच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधे आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. मधूनमधून उठून चार पावले चालायलाही सांगा. संकोचाने बसून राहणारेच फार.

एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनची पहिली फेरी सुरू केली, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे थांबे होते. आजही आखातात विमान बदलून जाणारी तिकिटे अनेकदा स्वस्त पडतात, पण थांबा धरून एकूण वेळ सहज तेरा-चौदा तासांवर किंवा त्याहूनही पुढे जातो. वयस्कर माणूस एकटा जाणार असेल, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी.