आधी फ्रँकलिनचं बोला

सकाळचे साडेआठ वाजलेत आणि पायोनियर हायस्कूलचं पार्किंग भरत आलंय. गाड्यांची मागची दारं वर उचललेली, समोर घडीची टेबलं, गॅसच्या शेगड्यांवर सॉसेज परतले जातायत, राजम्याच्या चिलीची पातेली वाफाळतायत. जिकडे बघावं तिकडे निळा आणि पिवळा. रस्त्यापलीकडे मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम आहे. १९२७ साली बांधताना त्याचा बराचसा भाग जमिनीत खोदून काढला, त्यामुळे बाहेरून ते बसकंच दिसतं. आत मात्र १,०७,६०१ माणसांची सोय आहे. आज २७ नोव्हेंबर २०२१, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. दुपारी बाराला अमेरिकन फुटबॉलचा सामना, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट.

दाजी नव्वदच्या दशकात पुण्याहून इथे अ‍ॅन आर्बरला एम.एस. करायला आले आणि मग डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात शिरले. या सामन्याचा नाद त्यांना विद्यार्थी असतानाच लागला. ताईने पहाटे उठून बटाटेवडे तळून दिलेत, ते फॉइल उघडायच्या आत निम्मे संपतात. मंडळी ठरलेली आहेत. वर्षानुवर्षं याच कोपऱ्यात गाड्या लावणारी, एरवी एकमेकांच्या घरी फारशी न जाणारी. मी पाहुणा. गाडीतून उतरताना दाजींनी मला एवढंच बजावलंय, "आज जिंकू-बिंकू असलं काही बोलू नकोस."

बोलणार तरी कोण? २००४ ते २०१९ या सोळा वर्षांत मिशिगनने ओहायोकडून पंधरा वेळा मार खाल्लाय. जिंकले ते एकदाच, २०११ मध्ये. त्यानंतर सलग आठ पराभव. गेल्या वर्षी कोरोनामुळे सामनाच झाला नाही. प्रशिक्षक जिम हार्बो हा याच मैदानावरचा जुना क्वार्टरबॅक. १९८६ मध्ये त्याने आम्ही ओहायोला हरवणारच असं आधीच जाहीर केलं होतं आणि ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला जाऊन २६-२४ असं खरं करून दाखवलं होतं. प्रशिक्षक म्हणून मात्र पाच सामने, पाच पराभव. यंदा संघ चांगला आहे, मोसमात एकच सामना हरलाय. तरी टेबलाभोवती कुणाच्या तोंडी आजचा सामना नाही. सगळे मागचं उकरून काढतायत.

क्वार्टरबॅक म्हणजे आघाडीच्या फळीमागे उभा राहून प्रत्येक चालीत चेंडू हातात घेणारा. फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं नाही तर चेंडू गेला. कॉलेजचा पोरगा, वय वीस-एकवीस. तीन-चार मोसम खेळतो आणि जातो. त्या मोसमांत बाकी काहीही करो, ओहायोविरुद्ध काय केलं ते त्याच्या नावापुढे कायमचं लागतं.

पिवळ्या डांगरीतला एक विद्यार्थी आहे, तिसऱ्या वर्षाचा. तो म्हणतो, "मी बघितलेला सगळ्यात वाईट २०१८चा. ६२-३९. तेव्हा आमचा संघ चौथ्या क्रमांकावर होता."

"त्यात दुखण्यासारखं काय आहे?" प्लंबिंगचं काम करणारा एक धिप्पाड गृहस्थ त्याला गप्प करतो. "धुलाई झाली की माणूस टीव्ही बंद करून झोपतो. दुखतं ते २०१६चं." आणि तो टेबलावरच्या प्लेट्स बाजूला सारतो.

पुढची पाच मिनिटं मी त्याच्या हातांकडेच बघत राहतो. मोहरीच्या सॉसची बाटली म्हणजे ओहायोचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट. केचपची बाटली त्याच्या पुढचा त्याचाच गडी. कॉफीच्या कपांची झाकणं म्हणजे मिशिगनचा बचाव. टेबलक्लॉथवरच्या निळ्या रेघेवर तो बोट ठेवतो, "ही पंधरा यार्डांची रेघ." ठिकाण कोलंबस. दुसरा ओव्हरटाइम. मिशिगन २७-२४ ने पुढे. ओहायोचा चौथा प्रयत्न, हवाय एक यार्ड. तो मोहरीची बाटली डावीकडे सरकवतो, ती केचपच्या पाठीवर आदळते आणि थांबते. बाटलीची कड रेघेला लागलीय की नाही? तो वाकून बघतो, आम्हीही वाकतो. फटीत तो अंगठ्याचं नख घालतो. नख मावतं. "एवढं," तो म्हणतो. पंचांनी पोचला म्हणून सांगितलं, व्हिडिओ बघूनही निर्णय तोच ठेवला. पुढच्याच चालीत कर्टिस सॅम्युएल पंधरा यार्ड पळत गेला आणि ३०-२७ ने सगळं संपलं.

"आणि स्पाइटला शिव्या," तो म्हणतो. विल्टन स्पाइट मिशिगनचा क्वार्टरबॅक. त्या दिवशी त्याच्या दोन फेकी ओहायोने अडवून घेतल्या आणि ओहायोच्या गोलरेषेपाशी चेंडू हातून सुटला. "हो, चुकला. पण ओव्हरटाइमपर्यंत आणलं कुणी? त्यानेच ना?"

इप्सिलँटीहून आलेल्या नर्सबाई मघापासून संधीची वाट बघतायत. त्या चॅड हेनीच्या पक्षाच्या. २००४ ते २००७, चारही वर्षं तो पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक. चारही वर्षं ओहायोकडून पराभव. त्यातला २००६चा सामना पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांमधला, दोघेही अपराजित. आदल्याच दिवशी, १७ नोव्हेंबरला, बो शेमबेक्लर गेले. एकवीस वर्षं मिशिगनचे प्रशिक्षक राहिलेला हा माणूस मूळचा ओहायोतल्या बार्बर्टनचा, ओहायो स्टेटच्या वुडी हेजच्या हाताखाली शिकलेला. १९६९ मध्ये इथे येऊन पहिल्याच वर्षी त्याने गुरूच्या अव्वल संघाला २४-१२ ने हरवलं. बाई सांगतात, "शुक्रवारी ड्यूटीवर होते. पेशंटच्या टीव्हीवर बातमी लागली, आणि पेशंट आणि मी, दोघंही रडलो." दुसऱ्या दिवशी ४२-३९. शेवटाकडे तिसऱ्या प्रयत्नावर ओहायोचा ट्रॉय स्मिथ अडला होता, पण रेषेबाहेर जाताना त्याला हेल्मेटने धडक बसली, मिशिगनला पंधरा यार्डांचा दंड झाला आणि ओहायोने पुढे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन टचडाउन केलं. "हेनीने ३९ पॉइंट करूनही हरायचं, तर त्याने आणखी करायचं तरी काय?"

"त्याच्या पुढच्या वर्षी अ‍ॅपलेशियन स्टेट..." विद्यार्थी तोंड उघडतो.

"ते नाव या टेबलावर नको," बाई म्हणतात. छोट्या गटातल्या त्या संघाने २००७च्या सप्टेंबरात याच स्टेडियममध्ये मिशिगनला ३४-३२ असं हरवलं होतं. पोरगा निमूटपणे वडा उचलतो.

दाजींची पाळी २०१३ची. ते इथेच स्टँडमध्ये होते. डेव्हिन गार्डनर जखमी पायाने खेळत होता. चालताना लंगडत होता आणि तरी ४५१ यार्डांच्या फेकी आणि चार टचडाउन. ३२ सेकंद उरली असताना ४२-४१. एका पॉइंटची किक मारून बरोबरी करता आली असती, पण मिशिगनने दोन पॉइंटचा डाव खेळायचं ठरवलं. गार्डनरची फेक ओहायोच्या टायव्हिस पॉवेलने अडवून घेतली.

"किक मारायला हवी होती," विद्यार्थी म्हणतो.

"नाही," दाजी म्हणतात. त्यांचा आवाज मी घरी कधी इतका चढलेला ऐकला नाही. "त्या पोराला उभं राहता येत नव्हतं. ओव्हरटाइममध्ये काय खेळला असता तो? एकच चाल शिल्लक होती त्याच्यात. बरोबर केलं त्यांनी." मला दाजींचं पटतं. दुखऱ्या पायाच्या खेळाडूला आणखी अर्धा तास पळवण्यापेक्षा जिंकायचा डाव त्याच्याच हाती देणं हा विश्वास होता.

एक गोष्ट माझ्या ध्यानात येतेय. टॉम ब्रेडी याच कॉलेजचा. सगळ्या जगाला माहीत असलेलं नाव, पण इथे त्याच्या वाट्याला दोन वाक्यं येतात. १९९८ला कोलंबसमध्ये ५६ वेळा चेंडू फेकूनही हरला, १९९९ला २४-१७ जिंकला, बस. त्याला पुढे सगळं मिळालं, त्याचं वेगळं सांगायची गरज कुणाला वाटत नाही. ज्यांना काही मिळालं नाही, त्यांचा हिशेब ही माणसं ठेवतायत. चूक, चुकीमागचं दुखणं, दुखण्यामागचा दिवस, सगळं यार्डांसकट त्यांना पाठ आहे. बाहेरच्याला हे जुनं रडगाणं वाटेल. मला यात माया दिसते. एकविसाव्या वर्षी लाखभर लोकांसमोर हरलेल्या मुलाची बाजू पंधरा-वीस वर्षांनी पार्किंगमध्ये उभं राहून कुणीतरी मांडतंय.

मंडळींतले एक आजोबा एवढा वेळ घडीच्या खुर्चीत बसून चहा पितायत. दाजींच्या थर्मासमधला आल्याचा. लोकरीची टोपी, तिच्यावरचा एम विटून पांढुरका झालेला. बाई त्यांच्याकडे वळतात तसे ते कप खाली ठेवतात.

"सगळे अलीकडचंच बोलताय," ते म्हणतात. "आधी फ्रँकलिनचं बोला."

१९७३ साली आजोबा इथे विद्यार्थी होते. डेनिस फ्रँकलिन, मिशिगनचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य क्वार्टरबॅक, आणि तोसुद्धा ओहायोतल्या मॅसिलनचा. ओहायोविरुद्धच्या त्या शनिवारी दोन्ही संघ अपराजित. मैदानात शिरताना ओहायोच्या पोरांनी मिशिगनचा बॅनर ओढून खाली पाडला. मध्यंतराला मिशिगन ०-१० ने मागे. चौथ्या प्रयत्नावर फ्रँकलिनने स्वतः पळत टचडाउन केलं, १०-१०. मग शेवटच्या काही मिनिटांत त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. आजोबा उजवा हात डाव्या खांद्याशी नेतात. "आम्हाला वाटलं, नुसता पडलाय. उठेल."

माइक लँट्रीने ५८ आणि ४४ यार्डांवरून किक मारून बघितली, दोन्ही हुकल्या. सामना बरोबरीत सुटला. दोन्ही संघ ज्या गटात खेळतात, त्या बिग टेनचा तेव्हाचा नियम असा, की मोसमाअखेरच्या सामन्याला फक्त एकच संघ जाणार, कॅलिफोर्नियात रोझ बोलला. ओहायो आदल्या वर्षी जाऊन आला होता, म्हणून सगळ्यांना वाटलं आता मिशिगन. दुसऱ्या दिवशी विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदान केलं आणि ओहायोला पाठवलं. क्वार्टरबॅक जखमी असलेला संघ नको, असं कारण तेव्हापासून सांगितलं जातं. मला हा अन्याय वाटतो. न हरलेल्या संघाला बंद खोलीत हात वर करून घरी बसवायचं, याला दुसरं नाव नाही.

"१९७४ला पुन्हा, या वेळी कोलंबसला," आजोबा पुढे जातात. "१२-१०. शेवटी ३३ यार्डांवरून लँट्री. व्हिएतनामहून लढून आलेला पोरगा. किक इतकी उंच गेली की खांबाच्या आतून गेली की बाहेरून, हे कुणाला कळेना. पंच म्हणाले, बाहेरून." फ्रँकलिनच्या तीन वर्षांत ३० विजय, २ पराभव, एक बरोबरी. दोन्ही पराभव ओहायोकडून. तीन वर्षांत रोझ बोल सोडा, कुठल्याच बोलला तो गेला नाही. बिग टेनने तो नियम १९७५ला बदलला, तोवर फ्रँकलिनचं कॉलेज संपलं होतं.

"मग लागला नियम बदलायला तुमचा फ्रँकलिन," नर्सबाई हळूच म्हणतात, आणि आजोबांचा कप पुन्हा भरतात.

अकराला सगळे स्टेडियमकडे निघतात. आमच्या जागा आजोबांच्या शेजारीच आहेत. बर्फाची भुरभुर सुरू होते. आजचा क्वार्टरबॅक केड मॅकनमारा. मध्यंतराला १४-१३, मिशिगन पुढे. कुणीही उड्या मारत नाही. तिसऱ्या सत्रात हॅसन हॅस्किन्स पळत सुटतो, २१, मग २८. चौथ्या सत्रात ओहायो २८-२० पर्यंत येतं, तशी दाजींची बोटं माझ्या दंडात रुततात. बर्फ आता जोरात पडतोय. एडन हचिन्सन ओहायोच्या क्वार्टरबॅकला पुन्हा पुन्हा चेंडूसकट लोळवतोय. ३५-२०. ३५-२७. हॅस्किन्स आडव्या आलेल्या गड्यावरून उडी टाकून पलीकडे जातो, आणि थोड्या वेळाने त्याचं पाचवं टचडाउन. ४२-२७. शिट्टी होते तशी पोरं कठड्यांवरून मैदानात उतरायला लागतात. पिवळी डांगरी त्यांत कुठेतरी दिसते आणि गर्दीत मिसळते. आजोबा दोन्ही हातांनी पुढचं बाक धरून उभे आहेत. "हार्बोने केलं," ते म्हणतात. "पोरांनी केलं."

दोन तासांनी पार्किंगमध्ये तेच टेबल पुन्हा मांडलंय. मॅकनमाराचं स्थान कुठे? प्लंबर म्हणतो, पोराने चेंडू फारसा फेकलाच नाही, सगळं हॅस्किन्सने पळून केलं. बाई म्हणतात, मग काय झालं, हेनीने फेकून फेकून हात तोडले तेव्हा कुणी विचारलं? आजोबा म्हणतात, ओहायोला हरवलं ना, आता त्याला कुणी काही बोलायचं नाही. मग विजयांची उजळणी सुरू होते, २०११, २००३, बियाकाबुटुकाने १९९५ला काढलेले ३१३ यार्ड, आणि चिली पुन्हा शेगडीवर चढते. दाजी ताईला फोन लावतात.

"जेवायला थांबू नकोस," ते सांगतात. "आम्ही अजून नव्वदच्या दशकातच आहोत."