सेटिंगचे नाव आणि वापरकर्त्याचा विश्वास : ‘आधार’मधील ‘लॉक’ सुविधांच्या संदर्भात

प्रस्तावना :
संगणक वा भ्रमणध्वनीवरील प्रणालीत काही गोष्टी चालू अथवा बंद ठेवण्याची मुभा वापरकर्त्यास दिलेली असते. तिलाच आपण सेटिंग म्हणतो. सेटिंगमागील यंत्रणा त्याला दिसत नाही. दिसते ते केवळ तिचे नाव. म्हणून असे नाव हे एक प्रकारचे वचनच असते. ते संदिग्ध असल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘आधार’च्या उदाहरणावरून केला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तळोद्यालगतच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकांच्या वितरणाचा शुभारंभ झाला. त्यामुळे हा विषय आपल्या परिसरास विशेष जवळचा आहे.

दोन कुलुपे, दोन अर्थ :
भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने ‘बायोमेट्रिक लॉक’ व ‘आधार लॉक’ अशा दोन सुविधा दिल्या आहेत. पहिलीमुळे बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे व चेहरा यांद्वारे होणारी पडताळणी थांबते. मात्र ओटीपीद्वारे होणारी पडताळणी चालू राहते. दुसरीमुळे १२ अंकी आधार क्रमांक वापरून कोणतीच पडताळणी होत नाही. परंतु १६ अंकी व्हर्च्युअल आयडी वापरून ती करता येते. ‘आधार लॉक’ हे नाव ऐकणाऱ्यास सर्व काही बंद झाले असे वाटते. वस्तुतः बंद होतो तो क्रमांकाचा मार्ग. दोन्ही नावांत ‘लॉक’ हा एकच शब्द असल्याने हा भेद झाकला जातो.

शिवाय मराठी बोलण्यात ‘कुलूप लावणे’ आणि ‘लॉक होणे’ यांच्या छटा भिन्न आहेत. कुलूप आपण लावतो व किल्ली आपल्याजवळ असते. ‘खाते लॉक झाले’ असे म्हणताना मात्र काहीतरी बिघाड झाला, असा भाव असतो. संरक्षणासाठी असलेली सुविधा अशा रीतीने भीतीचे कारण ठरू शकते.

विश्वासाचा प्रश्न :
स्वस्त धान्य दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लागला नाही, तर त्याची कारणे अनेक संभवतात : कष्टाने झिजलेली बोटे, क्षीण नेटवर्क, यंत्रातील दोष किंवा पूर्वी लावलेले लॉक. कारण स्पष्ट न कळल्यास लाभार्थ्याचा रोष दुकानदारावर, यंत्रावर अथवा संपूर्ण योजनेवर जातो. भिली, पावरी, मावची या बोली बोलणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील अनेकांना मराठीही घराबाहेरच शिकावी लागते. त्यांच्यापर्यंत इंग्रजी संज्ञा केवळ देवनागरीत लिहून अर्थ पोहोचत नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. ‘लोकेशन हिस्टरी’ हे सेटिंग बंद केल्यानंतरही गूगलच्या दुसऱ्या एका सेटिंगद्वारे स्थानविषयक माहिती साठवली जात असल्याचे ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ४० राज्यांशी तडजोड करताना कंपनीने ३९ कोटी १५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. नावाने सुचविलेली व्याप्ती आणि प्रत्यक्ष व्याप्ती यांतील अंतर किती महाग पडते, हे यावरून दिसते.

निष्कर्ष :
सेटिंगच्या नावात यंत्रणेची संज्ञा न देता परिणाम सांगावा. तसेच काय चालू राहील, हेही त्याखाली नमूद करावे. उदाहरणार्थ, ‘बोटे, डोळे व चेहरा यांवरून ओळख पटवणे बंद ठेवा’ आणि त्याखाली ‘अंगठा चालणार नाही, ओटीपी चालेल’ असे लिहिता येईल. ‘आधार लॉक’ऐवजी ‘आधार क्रमांकाचा वापर बंद ठेवा’ हे अधिक नेमके ठरेल. पडताळणी नाकारताना लॉक हे कारण असल्यास तेही सोप्या शब्दांत दाखवावे.

अशी नावे ठरविताना तंत्रज्ञांबरोबर भाषेचे अध्यापक व स्थानिक बोलींचे जाणकार असणे अगत्याचे आहे. या कामी ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांना मोलाचे योगदान देता येईल.