गल्ला दवाखान्याचा, खर्च घराचा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणरक्षणाच्या पाठोपाठ धनार्जनाचा विचार करावा, कारण साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे हे मोठेच अनिष्ट होय, असा त्यांचा अभिप्राय आहे. रुग्णास दीर्घायुष्याचा मार्ग दाखविणाऱ्या आपल्या व्यवसायात या दुसऱ्या एषणेचा विचार मात्र बहुधा वर्षातून एकदा, करसल्लागारासमोर बसल्यावरच होतो. म्हणून हा विषय व्यवसायबंधूंच्या विचारार्थ मांडत आहोत.

नोकरदाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आपोआप कापली जाते. स्वतंत्र व्यवसाय करणारा वैद्य आणि औषधी दुकानाचा मालक यांच्यासाठी ही कपात दुसरे कोणी करीत नाही. वैद्यास निवृत्ती नसते, वयाबरोबर हातगुण वाढतो, असे आपल्याकडे मानतात. अनुभव वाढतो हे खरेच. परंतु दृष्टी मंदावते, गुडघे कुरकुरतात, आणि दवाखाना ज्या दिवशी बंद राहील त्या दिवसापासून मिळकतही थांबते.

एकच गल्ला

आमच्या मते मूळ दोष एकच गल्ला असण्यात आहे. सकाळी रुग्णांकडून आलेल्या पैशांतून दुपारी किराणा येतो, सायंकाळी मुलांची फी भरली जाते. आणि घाऊक व्यापाऱ्याचे बिल आले की घरातील ठेव मोडावी लागते. अशाने व्यवसाय नफ्यात आहे की नाही हेही कळत नाही आणि घराला नेमके किती लागते हेही कळत नाही.

उपाय साधा आहे. व्यवसायाचे व घराचे बँक खाते वेगळे ठेवावे. मागील बारा महिन्यांचा जमाखर्च मांडून, ज्या महिन्यात रुग्णसंख्या सर्वांत कमी होती त्या महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाइतके ‘वेतन’ स्वतःस ठरवून द्यावे आणि ठरल्या तारखेस घरखात्यात वळवावे. वर्षाऋतूतील पंचकर्माच्या हंगामात येणारी अधिक रक्कम खर्चात जिरू न देता आधी राखीव निधीत घालावी. घर व दवाखाना यांचा किमान सहा महिन्यांचा खर्च त्यात असावा. त्याच्या जोडीला कुटुंबाचा आरोग्यविमाही हवाच. वैद्याचे घर म्हणून व्याधी उंबरठ्याबाहेर थांबत नाही.

दुकानमालकांनी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. कपाटातील माल ही म्हातारपणाची पुंजी होऊ शकत नाही. चूर्णे, वटी, घृते यांच्या वेष्टनावर वापराची अंतिम तारीख छापलेली असते. उधारीच्या वहीतील आकडाही वसूल होईपर्यंत आकडाच राहतो.

उद्याचा हिशेब

महागाईचा दर सहा टक्के धरल्यास खर्च सुमारे बारा वर्षांत दुप्पट होतो. आज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घरखर्चास दरमहा ३०,००० रुपये लागत असतील, तर त्याच राहणीस साठाव्या वर्षी ६०,००० आणि बहात्तराव्या वर्षी १,२०,००० लागतील. ही तरतूद साठीला आरंभून साधत नाही.

आरंभासाठी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ, स्वतंत्र व्यावसायिकास सोयीचा आहे. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेची मुदत पंधरा वर्षांची असून पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. व्याजदर शासन ठरविते. एप्रिल २०२० मध्ये तो ७.१ टक्के झाला. हाच दर कायम धरून दर वर्षी एप्रिलच्या ५ तारखेपूर्वी ६०,००० रुपये भरले, तर पंधरा वर्षांत भरलेल्या ९ लाखांचे सुमारे १६ लाख २७ हजार होतात. या खात्यातील रक्कम खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकुमाने जप्त करता येत नाही. उधारीवर व्यवहार करणाऱ्या दुकानदारास हे संरक्षण मोलाचे आहे.

साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करावा. तिची ठेवमर्यादा २०२३ मध्ये ३० लाखांपर्यंत वाढविली गेली. व्याज दर तिमाहीस खात्यात जमा होत असल्याने घरखर्चास त्याचा आधार होतो. सारी पुंजी मात्र एकाच ठिकाणी गुंतवू नये, आणि ओळखीच्या माणसाने जादा व्याजाचे आमिष दाखविले तरी लेखी व नोंदणीकृत व्यवहारावाचून रक्कम देऊ नये.

शेवटी एक विनंती. प्रत्येक खात्यावर व विमापत्रावर वारसाचे नामनिर्देशन आहे ना, हे पाहावे. आणि कागदपत्रे कोठे आहेत हे सहधर्मचारिणीस किंवा पतीस अवश्य सांगून ठेवावे. पुढील अंक हाती पडण्यास तीन महिने आहेत. तेवढ्या अवधीत दोन खाती वेगळी करणे आणि पहिले ‘वेतन’ घरी नेणे, एवढे तरी प्रत्येक व्यवसायबंधूस व भगिनीस सहज साधेल, अशी आमची खात्री आहे.